झाकण, हवा आणि पत्र्याची जाडी: घरासाठी भाजायचं ग्रिल निवडताना

खान्देशात कुणाला भाजणं शिकवावं लागत नाही. थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. भरताची लांबट हिरवी वांगी, कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ, ठेचायला लाकडी बडगी आणि शेवटी केळीच्या पानावर कळण्याच्या पुऱ्या. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शेत सगळ्यांना नसतं आणि शहरात काड्या पेटवायला जागा नसते. म्हणून आता जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे बंगल्यांच्या गच्चीवर ग्रिल दिसू लागली आहेत. त्यातली बरीचशी पहिल्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली जातात ती पुन्हा निघत नाहीत. कारण बहुतेक वेळा एकच असतं: घेताना चमक बघितली, चाकं बघितली, बर्नर किती ते मोजलं, पण आपण त्यावर काय भाजणार हे काही कुणी विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चार-सहा माणसांच्या घराला, त्यातही भरीत, कोंबडी, कणसं आणि कधीमधी बट्टी एवढंच करायचं असेल, तर कोळशावर चालणारं, घट्ट झाकणाचं, जाड पत्र्याचं साधं ग्रिल पुरतं. चार बर्नरचं चकाचक गॅस ग्रिल त्याहून महाग पडतं आणि आपल्या पदार्थांना त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. असं का, ते कळायला उष्णता पदार्थापर्यंत कशी पोचते हे बघायला हवं.

उष्णता तीन वाटांनी येते

लाल निखाऱ्याजवळ हात नेला की लांबूनच चटका जाणवतो. मधली हवा तापायची वाट न बघता किरणांच्या रूपाने येणारी ही उष्णता. उघड्या शेगडीवर कणीस किंवा सीख भाजली जाते ती मुख्यतः हिच्यावर. ती जोरदार असते, पण एकाच बाजूला लागते, म्हणून सारखं फिरवत बसावं लागतं. दुसरी वाट जाळीची. तापलेली सळई पदार्थाला टेकते आणि तिथे काळ्या रेघा उठतात. तिसरी वाट गरम हवेची. ती झाकणाखालीच काम करते. उघड्यावर गरम हवा सरळ वर निघून जाते.

पदार्थाला जो खमंग तपकिरी रंग येतो तो साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे येऊ लागतो. पाणी १०० अंशांवर उकळतं. म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत खमंगपणा येत नाही, आणि आतलं पाणी उडालं तर पदार्थ कोरडा होतो. चांगल्या ग्रिलचं सगळं कसब या दोन गोष्टींमधला तोल सांभाळण्यात आहे: बाहेरून लवकर कोरडं आणि तपकिरी, आतून ओलं आणि शिजलेलं.

भरताचं वांगं घ्या. चांगलं हातभर, आत जवळपास सगळं पाणीच. नुसत्या उघड्या शेगडीवर टाकलं तर साल दहा मिनिटांत कोळसा होते आणि मधला गाभा कच्चा, पांढरा राहतो. शेतात हे होत नाही, कारण काड्यांचा जाळ वांग्याला चहूबाजूंनी लपेटतो आणि भाजणारा माणूस काठीने सतत उलथापालथ करत असतो. गच्चीवर तेच काम झाकण करतं. आधी निखाऱ्यावर सगळ्या बाजूंनी साल काळी करून घ्यायची, मग वांगं निखारे नसलेल्या बाजूला सरकवून झाकण लावायचं. वीसेक मिनिटांत देठापर्यंत मऊ होतं. तत्पूर्वी सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेने फुटतं आणि सगळा गर निखाऱ्यावर.

धुराची चव नेमकी कशाची?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, म्हणून जरा थांबतो. दुकानदार सांगतो की कोळशाला चव असते. खरं तर लाकडाचा कोळसा करतानाच त्यातला धूर देणारा बराचसा भाग जळून गेलेला असतो. नीट पेटलेला, वरून राख धरलेला कोळसा जवळपास बिनधुराचा जळतो. आपण जिला कोळशाची चव म्हणतो ती बरीचशी पदार्थातून निथळणाऱ्या चरबीची आणि रसाची असते. ते थेंब निखाऱ्यावर पडतात, त्यांची वाफ-धूर होऊन परत पदार्थाला चिकटतो. गॅस ग्रिलमध्ये बर्नरवर ज्या तिरक्या पट्ट्या असतात, त्यांचं कामही हेच. थेंब त्यांच्यावर पडून जळतात.

आता वांग्यातून चरबी कुठून गळणार? म्हणून गॅस ग्रिलवरचं भरीत फिकं लागतं आणि नुसत्या कोळशावरचंही शेतातल्या भरताच्या जवळ जात नाही. शेतातली ती चव लाकडाच्या धुराची असते. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो तापून फुटला की जे वास तयार होतात, त्यांनाच आपण धुरकट चव म्हणतो. उपाय अगदी सोपा आहे. वांगी बाजूला सरकवून झाकण लावायच्या आधी मूठभर कोरड्या कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्या निखाऱ्यावर टाका. गॅस ग्रिल असेल तर त्याच काड्या छोट्या लोखंडी डब्यात घालून, डब्याला भोकं पाडून बर्नरवर ठेवता येतात. काड्यांची मोळी शेताकडून येणाऱ्या कुणाकडेही मिळते. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, फर्निचरचे तुकडे मात्र कधीच टाकू नका. त्यातला रंग आणि गोंद जळून जेवणात येतो.

कोळसा घ्यायचा तो लाकडाचा, बाभळीचा मिळाला तर उत्तम. दगडी कोळशावर अन्न भाजायचं नाही. बाजारात चौकोनी किंवा उशीच्या आकाराच्या दाबलेल्या कांड्याही मिळतात, म्हणजे ब्रिकेट. लाकडी कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, पण ठिणग्या उडवतो आणि तुकडे लहानमोठे असल्याने ताप कमीजास्त होतो. ब्रिकेट सावकाश आणि एकसारखी जळते. तास-दीड तास झाकण लावून अख्खी कोंबडी करायची तर ब्रिकेट बरी, अर्ध्या तासात कणसं आणि पनीर आटपायचं तर लाकडी कोळसा.

पेटवायला रॉकेल नको. त्याचा वास वांग्याला लागला की काळ्या मसाल्यानेही झाकला जात नाही. पत्र्याचा एक उभा नळकांडा करून घ्या, फूटभर उंच, वीतभर रुंद, खालून भोकं आणि जाळी. खाली कागद नाहीतर दोन-चार काड्या, वर कोळसा. हवा खालून ओढली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेचा पांढुरका थर दिसतो. तो दिसेपर्यंत पदार्थ जाळीवर जात नाही. एवढा एक नियम पाळला तरी अर्ध्या तक्रारी संपतात.

झाकण आणि हवेच्या झडपा

झाकणाच्या गोल ग्रिलची कल्पना अमेरिकेतली. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन हे गृहस्थ एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. तिथे पाण्यात तरंगणारे धातूचे बोये बनत. त्याच गोलाचे दोन भाग वापरून त्यांनी झाकणाचं ग्रिल केलं. गोल आकारामुळे गरम हवा आत फिरत राहते आणि वाऱ्यात राख उडत नाही. आजही साध्या कोळशाच्या ग्रिलसाठी हा आकार मागे पडलेला नाही.

झाकणाचं खरं काम मात्र हवा रोखण्याचं. निखाऱ्याला जेवढी हवा तेवढा ताप. खाली एक झडप, वर एक झडप. खालची उघडी ठेवली की आग वाढते, अर्धी मिटली की उतरते, दोन्ही पूर्ण मिटल्या की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. हे सगळं झाकण घट्ट बसत असेल तरच. म्हणून दुकानात ग्रिल बघताना मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवा, झाकण लावा आणि कडेने डोळा फिरवा. चारी बाजूंनी प्रकाशाची रेघ बाहेर येत असेल तर झडपा कितीही छान दिसोत, ताप तुमच्या हातात राहणार नाही. झडपही फिरवून बघा. सैल आणि खुळखुळणारी झडप दोन महिन्यांत राखेने अडते.

झाकणावरच्या तापमापकावर फार विसंबू नका. तो झाकणाजवळच्या हवेचा ताप दाखवतो, जाळीवरचा नाही. कोंबडी शिजली की नाही हे बघायला टोचायचा छोटा तापमापक घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश दिसले की झालं. वरून काळी आणि आत हाडाजवळ गुलाबी, अशी कोंबडी पाहुण्यांना वाढण्यापेक्षा हा खर्च स्वस्त.

धातू: चुंबकाने काय कळतं आणि काय नाही

पातळ तव्यावर भाकरी टाकली की तवा थंड होतो, मग एकदम तापतो आणि भाकरी डागाळते. पातळ पत्र्याच्या ग्रिलचंही तसंच. पत्रा जाड असेल तर तो ताप धरून ठेवतो, झाकण उघडलं तरी लगेच थंड होत नाही. शिवाय पातळ पत्रा तापून वाकतो, आणि वाकला की झाकण कधीच नीट बसत नाही. दुकानात गेज सांगतात. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड हे लक्षात ठेवा. १८ गेज साधारण १.२ मिलिमीटर, २२ गेज त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. दोन्ही बाजूंना धरून ग्रिल हलवून बघा. पाय डुगडुगत असतील तर पुढचं ऐकायचं कारण नाही.

स्टीलच्या बाबतीत दुकानदार चुंबक काढतो. 'बघा, चिकटत नाही, म्हणजे एक नंबर माल.' ही अर्धी गोष्ट. स्टेनलेसच्या तीन जाती आपल्याला भेटतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं; पावसाला आणि मिठा-लिंबाच्या मसाल्याला ती सगळ्यांत चांगली टिकते. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतं, तिला चुंबक चिकटतो, ती उशिरा-लवकर डाग धरते. आणि २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. तिला चुंबक चिकटत नाही, पण ती ३०४ इतकी गंजाला टिकत नाही. म्हणजे चुंबकाने ४३० ओळखता येते, २०२ नाही. उलट खऱ्या ३०४ लाही वाकवलेल्या जागी चुंबक किंचित ओढला जाऊ शकतो. म्हणून बिलावर '३०४' असं लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालंच.

जाळी हा ग्रिलचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आणि स्वस्त ग्रिलमध्ये नेमकी तिथेच काटकसर केलेली असते. क्रोमचा मुलामा दिलेली बारीक तारेची जाळी पहिल्या वर्षीच सोलपटते. बिडाची जाळी जड, ताप धरणारी, रेघा सुंदर उठवणारी, पण तिला तेल लावून ठेवावं लागतं. पावसाळ्यात आठ दिवस विसरलात तर लाल होते. गंज आला म्हणून टाकू नका, घासून तेल लावून तापवली की पुन्हा चालते. ज्यांना निगा राखायचा कंटाळा आहे त्यांनी ३०४ च्या सहा-आठ मिलिमीटर जाड सळयांची जाळी घ्यावी. आणि जाळी घासायला तारेचा ब्रश नको. त्याच्या तारा तुटून जाळीला चिकटतात आणि जेवणातून घशात जाऊ शकतात. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि गरम जाळीवर घासायचा. काम होतं, वासही चांगला येतो.

गॅसच हवा असेल तर

ज्यांना रोज संध्याकाळी दहा मिनिटांत पेटवून पाच मिनिटांत आवरायचं आहे, त्यांच्यासाठी गॅस योग्य. त्यात कमीपणा काही नाही. फक्त बीटीयूचा, म्हणजे उष्णता मोजायच्या एककाचा, मोठा आकडा ऐकून दबून जाऊ नका. तो ताशी किती उष्णता निघते ते सांगतो, पण ती किती जागेत पसरते ते सांगत नाही. ३०,००० बीटीयू म्हणजे जवळपास ९ किलोवॉट. तीच उष्णता लहान, घट्ट झाकणाच्या ग्रिलमध्ये छान तापते आणि मोठ्या, फटी असलेल्या ग्रिलमध्ये वाया जाते. एवढी आच पूर्ण ठेवली तर ताशी साधारण ७०० ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर वीसेक तासांत संपेल. बर्नर मात्र निदान दोन हवेत, कारण एक बाजू पेटती आणि एक बंद ठेवता आली नाही तर झाकणाचा फायदाच मिळत नाही.

बाहेरून आणलेल्या ग्रिलचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला बसतोच असं नाही. घेण्याआधी विचारा, आणि जुगाड करून नळी जोडू नका. पाइपच्या नैसर्गिक गॅससाठी केलेलं ग्रिल सिलिंडरवर लावायचं नाही; त्याच्या जेटचं भोक मोठं असतं, आणि सिलिंडरच्या गॅसवर पिवळ्या, काजळी धरणाऱ्या मोठ्या ज्वाळा उठतात. नळी आयएसआय मार्कची. सिलिंडर उभा, सावलीत, ग्रिलच्या खाली नाही तर बाजूला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खालच्या खोलगट जागेत साठतो, म्हणून जिन्याच्या तोंडाशी किंवा खड्ड्यात सिलिंडर ठेवू नये.

विजेवरचं ग्रिल फ्लॅटच्या बाल्कनीपुरतं ठीक. लाकडी गोळ्यांवर चालणारी, आपोआप ताप राखणारी ग्रिलही निघाली आहेत, पण त्यांना वीजही लागते आणि त्या गोळ्यांचा कायमचा पुरवठाही. आपल्याकडे तूर्त नादी लागू नये. जाड सिरॅमिकची अंडाकृती ग्रिल मात्र खरोखर छान. तासन् तास एकसारखा ताप, बट्टीसाठी तर भट्टीच. पण वजन भरपूर, पडलं तर तडा, आणि किंमत ऐकून बहुतेक जण घरी परततात.

फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचं तर

हा रस्ता मला सगळ्यांत आवडतो. जळगावच्या एमआयडीसीत किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंगचं दुकान असतंच. त्याला 'बार्बेक्यू कर' एवढंच सांगितलं तर तो लांबट उघडी पेटी करून देईल, कारण हॉटेलवाले तीच करून नेतात. ती सीखेसाठी बरी, आपल्या कामाची नाही. मापं आपण सांगायची. पेटी साध्या लोखंडी पत्र्याची, निदान दोन, जमलं तर तीन मिलिमीटर. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बिलकुल नको. आगीच्या तापाने जस्ताचा मुलामा बिघडतो आणि त्याचा धूर अंगाला वाईट. तळाशी कोळशाची वेगळी जाळी, तिच्याखाली राखेसाठी चार बोटं जागा आणि ओढून काढता येईल असा ट्रे. कोळशाची जाळी आणि वरची जाळी यांत दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतर, आणि वरची जाळी दोन उंचींवर बसेल अशा खाचा. सळयांमधली फट बोटाएवढी, म्हणजे पनीर आणि भेंडी खाली जात नाही. झाकणाची आतली उंची निदान एक वीत, नाहीतर अख्खी कोंबडी बसत नाही. झाकणाचं हँडल लाकडी, पत्र्यापासून दोन बोटं लांब. वरची हवेची झडप कोळशाच्या विरुद्ध टोकाला ठेवायला सांगा. मग गरम हवा पदार्थावरून जाऊन बाहेर पडते. पाय कमरेएवढे. आत रंग अजिबात नाही. बाहेरून द्यायचा तर उष्णता सोसणारा काळा रंग मिळतो, तो.

आकाराबाबत मोह आवरा. निखारे अर्ध्या भागात आणि पदार्थ उरलेल्या अर्ध्या भागात, अशा पद्धतीने भाजायचं असल्यामुळे जेवढी जागा दिसते तेवढी सगळी कामाला येत नाही, हे खरं. तरी घरच्या माणसांसाठी साधारण ५५ सेंटिमीटर व्यासाची किंवा ६० बाय ४५ सेंटिमीटरची जाळी भरपूर झाली. वर्षातून दोनदा येणाऱ्या तीस पाहुण्यांच्या हिशेबाने मोठं ग्रिल घेतलं की उरलेले दिवस पाच कणसांसाठी दोन किलो कोळसा जाळावा लागतो. तीस माणसांना शेतावर न्या, काड्यांवर भरीत करा.

गच्चीवर ग्रिल थेट फरशीवर किंवा वॉटरप्रूफिंगवर ठेवू नका, खाली विटांचा एक थर द्या. पाऊस आला म्हणून पेटतं ग्रिल जिन्यात किंवा बंद शेडमध्ये ओढायचं नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत ऊब म्हणून मावळते निखारे खोलीत नेणारे लोक याच वायूने दगावतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा लोखंड दुपारीच चटके देत असतं. त्या दिवसांत सूर्य मावळल्यावरच पेटवा, आणि गॅसचं सिलिंडर दिवसभर उन्हात राहू देऊ नका.

नवीन ग्रिलवर पहिल्याच दिवशी स्वयंपाक करायचा नाही. आत तेलाचा हात फिरवून भरपूर कोळसा पेटवायचा, झाकण लावून तासभर तापू द्यायचं. कारखान्याचं वंगण, रंगाचा वास सगळं जळून जातं आणि लोखंडावर काळा, तुकतुकीत थर धरू लागतो. दुसऱ्या दिवशी आधी एखाददुसरा पापड भाजून बघा. कुठल्या कोपऱ्यात तो लगेच करपतो आणि कुठे नुसता फुलतो, ते बघून ठेवा. वांगी कुठे सरकवायची ते त्यावरून कळतं.